उद्या धुतो

गाडीच्या मागच्या काचेवर, धुळीत, बोटानं दोन शब्द लिहिले होते : उद्या धुतो. गाडी एका दातांच्या डॉक्टरची होती आणि लिहिणारा गाड्या धुणारा होता, तेव्हा इथपर्यंत कुणाला खटकण्यासारखं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, इमारतीच्या तळघरातले दिवे गेलेले असताना, कुणीतरी डॉक्टरला धरून असा काही धुतला की त्याचेच पुढचे दोन दात पडले. पोलीस आले. डॉक्टरच्या मोबाईलमध्ये आदल्या दिवशी काढलेला काचेचा फोटो होता. तो बघून हवालदाराचा चेहरा असा उजळला, म्हणतात, की तळघरात दिव्यांची गरजच उरली नाही. त्याच रात्री गाड्या धुणाऱ्याला उचलला.

डॉक्टरला मारलं कुणी, हा प्रश्न त्यानंतर कुणालाच पडला नाही. दातांचा डॉक्टर म्हटल्यावर यादी केवढी मोठी होईल, या विचारानंच पोलिसांचं अंग मोडून आलं असावं.

हे प्रकरण ज्युनियरकडे आलं. ती वकील होती, तिच्याकडे स्वतःची सनद होती, काळा कोटही स्वतःच्या मापाचा होता. पण कोर्टातल्या शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे तिला ज्युनियर म्हणत, कारण ती मोठ्या वकिलांच्या हाताखाली होती. मोठे वकील म्हणजे सर. सर पक्षकाराशी बोलता बोलता टेबलावर नखं कापायचे. कापलेलं नख कुठं उडालं हे ते कधी बघत नसत. ज्युनियर बघायची. एकदा ते तिच्या चहाच्या कपात सापडलं होतं.

तुरुंगात पहिल्या भेटीला सर आणि ज्युनियर दोघंही गेले. गाड्या धुणारा लांब हाताचा, पडक्या खांद्यांचा माणूस होता. हातांना साबणाचा वास इतका मुरलेला, की तुरुंगात राहूनही गेला नव्हता. त्याला भेटायला त्याची आत्याही आली होती. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. आता गुडघे गेल्यामुळं तिला जिना चढता येत नव्हता. तो तिला पाठीवर घेऊन चढवायचा. तो आत गेल्यापासून आत्या खालच्या मजल्यावर शेजारणीच्या स्वयंपाकघरात झोपत होती.

"काचेवर लिहिलं कुणी?" ज्युनियरनं विचारलं.

"मीच की," गाड्या धुणारा म्हणाला. "त्या दिवशी पाणी नव्हतं. म्हणून लिहिलं, उद्या धु—"

सरांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान झाकले. एका कानाला नेलकटर लागलं.

"हे मी ऐकलेलं नाही," सर म्हणाले. "ज्युनियर, तू ऐकलंस?"

"हो सर."

"नाही ऐकलंस." मग पक्षकाराकडे वळून, लहान मुलाला औषध पाजताना बोलतात तशा आवाजात : "हे बघ बाबा, पोलिसांकडे साक्षीदार नाही, हत्यार नाही. आहे काय? अक्षर. अक्षर तुझं आहे म्हणणारा एक तज्ज्ञ. तो तज्ज्ञ उडवला की खटला उडाला. तू मध्ये तोंड घालू नकोस."

"पण साहेब, मी गाडीच धुणार होतो."

"तेच कोर्टात म्हणशील तर पहिला अर्धा भाग धरतील. 'मीच लिहिलं.' दुसरा अर्धा कोण ऐकणार?"

"पोलिसांना चार वेळा सांगितलं," तो ज्युनियरकडं बघून म्हणाला. "ते म्हणाले, तज्ज्ञाला सांग. तज्ज्ञाला सांगायला गेलो तर तो म्हणाला, मी आरोपीशी बोलत नाही, फक्त अक्षराशी बोलतो."

"आणि अक्षर काय बोललं?" आत्यानं विचारलं. "त्यालाच सोडवायला सांगा मग."

सरांची योजना दुहेरी होती. आधी न्यायाधीशांना पटवायचं की असल्या तज्ज्ञाचं मत पुरावा म्हणून ऐकूच नये. आणि ऐकलंच, तर आपला तज्ज्ञ उभा करायचा, जो शपथेवर सांगेल की हे अक्षर याचं असूच शकत नाही.

"पण सर, अक्षर त्याचंच आहे."

"ते तुला माहीत आहे. तज्ज्ञाला कुठं माहीत आहे?" सर म्हणाले आणि उजव्या करंगळीकडे वळले.

ज्युनियरनं पोलिसांची फाईल उघडली.

पोलिसांनी नमुने कसे घेतले हे तिनं तिथं कागदोपत्री वाचलं. काचेवरचा मूळ मजकूर उरलाच नव्हता : पोलीस पुरावा ताब्यात घ्यायला येणार म्हटल्यावर डॉक्टरच्या बायकोनं, चार लोक घरी येणार या कल्पनेनं, गाडी स्वच्छ पुसून घेतली होती. मग पोलिसांनी आरोपीला टेबलाशी बसवून पेनानं 'उद्या धुतो' लिहून घेतलं, कागद संपेपर्यंत. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की मूळ अक्षर बोटाचं आहे. धूळ शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पोलिसांच्या स्वतःच्या जीपच्या काचेवर ती बोटभर होती. तिथं लिहून घेतलं. त्याचा फोटो काढायचा, तेवढ्यात मोठे साहेब आले, ओरडले की जीपवर हे काय लिहिलंय, आणि समोरच उभ्या असलेल्या, धंद्यानं योग्य अशा माणसाला ती धुवायला लावली. त्यानं ती चकाचक धुतली. आरोपीनं पुरावा नष्ट केला, अशी नोंद फाईलमध्ये होती.

शेवटी एका काचेवर अंगाला लावायची पावडर भुरभुरवून काम भागवलं होतं.

सुनावणीच्या दिवशी सरकारी पक्षाचे तज्ज्ञ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले. त्यांना सगळे थोरले तज्ज्ञ म्हणत, कारण धाकटेही होते. थोरल्यांना दर पान उलटताना अंगठा जिभेवर फिरवायची सवय होती. कागद संपले तरी ते अंगठा ओला ठेवत, न जाणो कुठून आणखी कागद आला तर. काचेच्या फोटोवरही त्यांनी तोच अंगठा दाबला. फोटोवर 'धु'च्या पोटात एक चकचकीत डाग उमटला आणि हळूहळू वाळला. ज्युनियरची नजर त्यावरून हलेना. एका माणसाची पुढची वर्षं त्या थुंकीत वाळत होती.

"अक्षरावर डोक्यावरची रेघ नाही," थोरले सांगू लागले. "रेघ न देणारा माणूस कुठलंही छप्पर मानत नाही. घराचं नाही, कायद्याचं नाही. 'ध'ची गाठ आवळलेली. हा गळा आवळणारा हात आहे. उकार खाली ओढून डावीकडं झटकलाय. पडलेल्या माणसाला लाथ मारताना पाय असाच जातो. आरोपीच्या नमुन्यांत तिन्ही गोष्टी आहेत. माझं निश्चित मत, लिहिणारा हात हाच."

सर उलटतपासणीला उठले. ज्युनियरला कबूल करावं लागलं, की या वेळी सर उत्तम बोलले. तेवढं त्यांना येत होतं.

"बोटानं धुळीत लिहिलेलं आणि पेनानं कागदावर लिहिलेलं, यांची तुलना कुठल्या शास्त्रात बसते?"

"माझ्या."

"डोक्यावर रेघ न देणारी माणसं किती असतील?"

"मोजली नाहीत."

"आपण स्वतः रेघ देता?"

थोरल्यांनी जीभ अंगठ्यावर फिरवली. "घाईत असलो तर नाही."

"आपलं मत आजवर किती वेळा चुकलं?"

"एकदाही नाही."

"हे कशावरून?"

"ज्यांच्याबद्दल मी मत दिलं त्यांना शिक्षा झाली. चुकलो असतो तर शिक्षा झाली असती का?"

कोर्टात कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी तर हे उत्तर लिहून घेतलं. आत्या मागच्या बाकावरून पुटपुटली, "याच्या जिभेला आधी शिक्षा करा." शिपायानं तिला गप्प केलं.

जेवणाच्या सुट्टीत ज्युनियर हात धुवायला मागच्या व्हरांड्यात गेली. तिथं थोरले तज्ज्ञ एका बाकावर डबा उघडून बसले होते. त्यांच्या शेजारी, त्याच डब्यातून, आपले धाकटे तज्ज्ञ जेवत होते. दुपारी जे थोरल्यांच्या मताच्या चिंधड्या उडवणार होते, ते. दोघांच्या मधोमध भिंग पडलं होतं आणि त्यावर तेलाची बोटं उमटली होती.

"अगं ये ये," थोरले मोकळेपणानं म्हणाले. "हा माझा मेव्हणा. आमच्याकडं भिंग एकच आहे. एका घरात दोन कशाला?"

"तुम्ही एकाच घरात राहता?"

"वरखाली. या महिन्यात मी सरकारकडून, तो आरोपीकडून. पुढच्या महिन्यात तो सरकारकडून. मिळून मिसळून असतं आमचं." मग मेव्हण्याकडे वळून : "अरे, रेघेवर मला फार झोडू नकोस हं. तुझ्या बहिणीला सांगेन."

"भाऊजी, रेघ तुम्हाला सोडली. मी 'ध' घेतो," धाकटे म्हणाले आणि अंड्याचा अर्धा तुकडा त्यांच्या ताटलीत सरकवला.

थोरल्यांनी ज्युनियरलाही एक अंडं पुढं केलं. अंगठ्यासकट. तिनं नको म्हटलं आणि हात न धुताच परत फिरली, कारण धुण्याची क्रियाच आता तिच्या मनातून उतरली होती.

तिनं सरांना गाठलं. "सर, दोघं मेव्हणे आहेत. एका डब्यात जेवतायत. हे कोर्टाला सांगायला हवं."

"कोर्टाला माहीत आहे. न्यायाधीशांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका या दोघांना एकच गेली होती, कागद वाचला." सर दार लावत म्हणाले, "तू नवीन आहेस. आपला माणूस सुटणं महत्त्वाचं."

"सुटला नाही तर त्याची आत्या—"

"म्हणून तर म्हणतो, गप्प बस."

दुपारी धाकटे तज्ज्ञ पिंजऱ्यात चढले. खिशातून तेच भिंग काढलं, बाहीला पुसलं.

"फोटोतलं हे अक्षर मुळात 'ध' नाहीच," ते म्हणाले. "हा 'घ' आहे. डोक्यावर रेघ नसली की दोन्ही सारखे दिसतात, पण जाणकाराला फरक कळतो. लिहिलंय 'उद्या घुतो'. आता प्रश्न असा, की गाड्या धुणारा माणूस 'ध' चुकेल का? ते अक्षर त्याच्या पोटापाण्याचं आहे. हलवायाचा 'ह' चुकत नाही, न्हाव्याचा 'न्ह' चुकत नाही. सबब आरोपीनं हे लिहिलेलं असू शकत नाही. माझं निश्चित मत."

गाड्या धुणारा आरोपीच्या पिंजऱ्याच्या कठड्याला धरून पुढं वाकला होता. सकाळी त्याला गळा आवळणारा म्हटलं होतं तेव्हा तो गप्प होता. आता मात्र त्याचे कान लाल झाले होते.

न्यायाधीशांनी दोन्ही मतं शेजारी शेजारी ठेवली. वयस्कर गृहस्थ होते. धुळीच्या उल्लेखानं सकाळपासून त्यांच्या नाकात हुळहुळत होतं आणि रुमाल हातातून सुटत नव्हता. त्यांनी रुमालात खोलवर नाक शिंकरलं, आत काय निघालं ते उघडून तपासलं, आणि मग आरोपीकडे बघून, केवळ श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून की काय, विचारलं, "तुला काही म्हणायचंय?"

"साहेब, आरोपीला काही म्हणायचं नाही," सर उठले.

"तो 'ध'च आहे," गाड्या धुणारा म्हणाला. "मी लिहिलाय. मला 'ध' येतो. आत्यानं शिकवलाय."

"पाटीवर घासून घासून!" आत्या मागून ओरडली.

सरकारी वकील खुर्चीतून असे उठले, जसा गरम दुधाला ऊत. "साहेब, कबुली! नोंद घ्यावी. आणि हेही लिहावं, की बचाव पक्षाचाच तज्ज्ञ शपथेवर सांगतोय की यानं लिहिलं नाही, आणि हा म्हणतोय लिहिलं. म्हणजे एक तर यांचा तज्ज्ञ खोटा, नाही तर यांचा आरोपी खोटा. दोन्हीपैकी काहीही मला चालेल."

ज्युनियरला सापळा आता पूर्ण दिसला. तो तिनं आणि सरांनीच लावला होता. गाड्या धुणारा आता 'धुतो म्हणजे गाडी धुतो' म्हणाला तर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं, कारण त्याच्याच बाजूनं शपथेवर सांगितलं होतं की त्यानं लिहिलंच नाही. खरं बोलायची जागा त्यांनी त्याच्या पायाखालून काढून घेतली होती.

सरांचा रंग उडाला. "साहेब, माझ्या पक्षकाराचं डोकं ठिकाणावर नाही. मी डॉक्टरचा दाखला आणतो. अर्धा तास द्यावा." आणि ते खरोखरच बाहेर गेले, मोबाईल कानाला लावून. जाता जाता ज्युनियरला म्हणाले, "वेळ काढ. काहीही विचार. महत्त्वाचं काही विचारू नकोस."

समोर सरकारी पक्षाचा राहिलेला साक्षीदार, दातांचा डॉक्टर, आणून उभा केला होता. खोटे दात बसवून घ्यायला त्यानं कोर्टाचं काम संपेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पुरावा म्हणून. तोंडात पुढं काळं भगदाड होतं आणि प्रत्येक 'स'ला त्यातून वारा निघत होता.

ज्युनियर उठली. तिच्या हातात काही नव्हतं, तिला महत्त्वाचं विचारायचं नव्हतं, आणि डोळ्यांसमोर फोटोवरचा तो वाळलेला डाग होता. वेळ काढायला म्हणून तिनं विचारलं, "डॉक्टर, हा फोटो तुम्ही काढलात?"

"हो. मीच."

"मार खायच्या आधी?"

"आदल्या दिवशी फकाळी. म्हणजे सकाळी."

"का काढला?"

"बायकोला दाखवायला. हा माणूस तिनं ठेवलेला. म्हटलं बघ तुझा माणूस. आजही गाडी नाही धुतली. नुसता लिहून गेलाय."

कोर्टात टंकलेखकाची बोटं थांबली.

"म्हणजे," ज्युनियर सावकाश म्हणाली, "'उद्या धुतो' वाचून तुम्हाला काय वाटलं?"

डॉक्टरनं तिच्याकडं असं बघितलं, जसं दात किडू नये म्हणून काय करावं असं कुणी पेशंटनं विचारावं. "वाटणार काय? उद्या गाडी धुणार."

"धमकी वाटली नाही?"

"धमकी कसली? तो दर आठवड्याला लिहितो असं. पाणी नसलं की."

"मग धमकी आहे असं कधी वाटलं?"

"पोलिसांनी सांगितलं तेव्हा." डॉक्टरनं भगदाडातून हवा सोडली. "मी म्हटलं, त्यांना कळत असेल. त्यांच्याकडं तज्ज्ञ होते."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलंच नाही. अक्षर कुणाचं, एवढंच विचारत होते."

थोरले आणि धाकटे मागच्या बाकावर एकमेकांना खेटून बसले होते. थोरल्यांचा अंगठा तोंडाशी जाऊन तिथंच थबकला होता. ज्युनियरला वाटलं, आता तरी लाज. पण ते फक्त नख चावत होते.

निकाल लागला. आरोपी निर्दोष. ज्युनियर उभी राहून ऐकत होती आणि पहिल्या वाक्यानंतर तिला बसावंसं वाटलं, कारण निकालपत्र पुढं बरंच होतं. तज्ज्ञाची साक्ष पुरावा म्हणून ग्राह्य धरावी की नाही, यावर न्यायाधीशांनी सविस्तर विचार केला होता. थोरल्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं की अक्षर आरोपीचं आहे. आरोपीनं स्वतः कबूल केलं की अक्षर त्याचं आहे. सबब, तज्ज्ञाची पद्धत अचूक असल्याचं सिद्ध झालं आहे. बोटानं धुळीत लिहिलेल्या मजकुराची तुलना यापुढं या न्यायालयात ग्राह्य राहील. धाकट्या तज्ज्ञांची साक्षही, विरुद्ध बाजू मांडून सत्य उजेडात आणल्याबद्दल, ग्राह्य. डॉक्टरच्या उत्तरावर एक ओळ होती, शेवटून दुसरी, आणि तिच्यात टंकलेखनाची चूक होती.

यापुढं कुणाच्याही काचेवर कुणीही बोट फिरवलं, तर हा निकाल आणि हा अंगठा त्याच्यासाठी तयार होते.

व्हरांड्यात सर दाखला घेऊन धापा टाकत आले. निकाल ऐकून दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली, पुढं कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून. "बघितलंस? म्हणत होतो ना, तज्ज्ञावरच खटला फिरेल," ते म्हणाले. तेवढ्यात थोरले आले आणि त्यांनी ज्युनियरचा हात हातात घेऊन जोरात हलवला.

"पोरी, तुझ्यामुळं आमचं शास्त्र कायद्यात आलं."

हात ओला होता. ज्युनियरनं तो कोटाला पुसला नाही, कारण कोट तिला उद्याही घालायचा होता. तिनं तो तसाच अंगापासून दूर धरला.

जिन्याच्या पायथ्याशी गाड्या धुणारा वाकला होता आणि आत्या त्याच्या पाठीवर चढत होती. पुढं जिना नव्हता, रस्ताच होता, पण आत्याला आता उतरायचं नव्हतं.

"मॅडम, एक विचारायचं होतं," तो आत्यासकट वळून म्हणाला. "उद्यापासून कामाला लागीन. कुठं पाणी नसलं तर आता लिहू का नको?"

"नको," ज्युनियर म्हणाली. "तोंडी सांगा."

"तोंडी? 'उद्या तुमची धुतो'?" त्यानं जरा विचार केला. "ते तर आणखी वाईट वाटतं."

"'साफ करतो' म्हण की मेल्या," आत्या त्याच्या कानात म्हणाली.

"आत्या, साफ करतो म्हणजे तर थेट खून."

"मग 'पुसून टाकतो'."

"तेही तेच."

"'बघतो' म्हण. 'उद्या बघतो'."

ज्युनियरनं मनातल्या मनात शब्द एकेक करून चाळले. घासतो, चमकवतो, उरकतो, पाणी पाजतो. प्रत्येकावर तिला एक ओला अंगठा टेकताना दिसला. स्वच्छतेचा एकही शब्द या भाषेत स्वच्छ उरला नव्हता.

"काहीच बोलू नका," ती शेवटी म्हणाली. "पाणी नसलं तर गाडी तशीच घाण राहू द्या."

"मग लोक म्हणतील, कामचुकार."

"म्हणू द्या," ज्युनियर म्हणाली. "त्याला अजून तज्ज्ञ निघालेला नाही."